दुकान मोठं करणार, असं मी म्हणालो

बुधवार, २४ जानेवारी

सिस्टर, लिहायला उशीर झाला, माफी असावी. तुम्ही नऊ तारखेलाच वही हातात दिलीत आणि म्हणालात, काही घडलं की लिहा, कुणी वाचणार नाही, कुणी तपासणार नाही. शाळेत मास्तरही असंच म्हणायचे आणि शनिवारी वह्या गोळा करायचे. शाळा मी चौथीत सोडली, ती भीती मात्र सुटली नाही. म्हणून माफी आधीच लिहून ठेवतो. वह्या गोळा झाल्या नाहीत तर त्यात नुकसान काही नाही.

पहिले काही दिवस वहीवर नाव घालावं की नाही यातच गेले. नंतर पेन सापडेना. सापडलं तोवर जे घडलं होतं ते इतकं लाजिरवाणं होतं की पेन परत ठेवून दिलं. आज मन घट्ट करून लिहितो.

मी किल्ल्या करतो. माझं दुकान आमच्या घराच्या जिन्याखाली आहे. मी आत बसलो की गिऱ्हाइकाने बाहेर उभं राहायचं, आणि गिऱ्हाईक आत आलं तर मी बाहेर. डिसेंबरात एका सकाळी कचरा टाकायला घराबाहेर पडलो आणि मागे दार लागलं. किल्ली आत, अवजारं आत, दुकानाची किल्लीही आतच. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. सगळ्या गावाला जोडकिल्ल्या करून दिल्या, स्वतःची एक शेजारी ठेवावी हे सुचलं नाही. शेवटी बस स्टँडजवळचा तो तरुण किल्लीवाला बोलवावा लागला. त्याने प्लास्टिकचा एक तुकडा फटीत सरकवला आणि दार उघडलं. पैसे घेईना. म्हणाला, "धंद्यातल्या माणसाकडून काय घ्यायचं, काका?" घेतले असते तर बरं झालं असतं. मनाला कमी लागलं असतं.

शेजारणीने हे माझ्या मुलीला फोनवर सांगितलं, वर हसत हसत सांगितलं. मुलगी हसली नाही. "बाबा, आता एकटं राहणं बास. चिनूची परीक्षा झाली की मी गाडी घेऊन येते. दुकान बंद करायचं, सामान भरायचं आणि इकडे यायचं." चिनू म्हणजे नात. मी म्हणालो, "हो." माझा स्वभावच तो. कुणी विचारलं की हो म्हणतो, आणि मग घरी येऊन घाबरतो.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी सिस्टर (कुणी वाचणार नाही म्हणालात, म्हणून तुमच्याबद्दलही लिहितो) कपाटाची किल्ली करायला आल्या. "कुणाशी बोलताय?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, कुणाशी नाही. "मग मंगळवारी आमच्यात येऊन बोला. दुपारी, बेकरीच्या मागच्या खोलीत." त्या इस्पितळातून निवृत्त झालेल्या, त्यामुळे मला वाटलं रक्त तपासायचं शिबिर असणार. मी सकाळपासून पोटात काही न घालता गेलो. बाही आधीच वर करून ठेवली होती.

खोलीत पिठाची पोती, भट्टीच्या बाजूने गरम झालेली भिंत, आणि गार व्हायला ठेवलेले पाव. माणसं तीनच. सिस्टर, बेकरीवाल्या बाई, आणि गाडी शिकवणारे मास्तर. सुई कुठेच दिसेना. सिस्टरांनी ही वही दिली आणि नियम सांगितले. प्रत्येकाने तीन महिन्यांत करायची एक गोष्ट ठरवायची. दर मंगळवारी सांगायचं काय झालं ते. बाकीच्यांनी सल्ला द्यायचा नाही, मदत करायची नाही. फक्त विचारायचं, मग, काय केलंत? "सल्ला द्यायला घरचे असतातच," त्या म्हणाल्या.

बेकरीवाल्या बाईंना आठवड्यातून एक दिवस सुट्टी घ्यायची होती. नवरा गेला त्या दिवशीसुद्धा त्यांची भट्टी पेटलेली होती म्हणे. मास्तरांना शिकणाऱ्यांवर ओरडणं सोडायचं होतं. सिस्टरांना पोहायला शिकायचं होतं. "जन्मभर दुसऱ्यांना घाबरू नका म्हटलं. आता बघू."

मग माझ्याकडे वळले. माझं वाक्य तयार होतं. दुकान बंद करून मुलीकडे जायचंय, ते नीट पार पडावं. तेवढ्यात बाईंनी पावाचं ताट माझ्या नाकाखालून नेलं आणि माझ्या वर केलेल्या बाहीकडे बघून म्हणाल्या, "हे तर कामाला लागूनच आलेत!" उचलली जीभ लावली टाळ्याला. मी म्हणालो, "दुकान मोठं करायचंय."

टाळ्या वाजल्या. मग पाव मिळाला. टाळ्या आणि पाव मिळाल्यावर माणूस परत खरं बोलेल कसा?

असो. परीक्षेला अवकाश आहे. दोन्हीकडे सांगून टाकीन.

मंगळवार, ३० जानेवारी

गटात प्रत्येकाला एक जोडीदार दिलाय, विचारायचं त्याने. माझ्या वाट्याला बेकरीवाल्या बाई आल्या. त्यांचा आवाजही भट्टीसारखाच, लांबून पोळतो.

"मग, काय केलंत?"

आज खरं सांगायचं असं ठरवून गेलो होतो. तोंड उघडलं आणि म्हणालो, "पाटी रंगवायला टाकलीय."

"कुणाकडे? पुलाजवळच्याकडे?"

"हो, तिकडेच."

"अरे वा! तो रोज सकाळी माझ्याकडे पाव न्यायला येतो. विचारते त्याला कुठवर आलीय."

बैठक सुटल्यावर मी वयाला न शोभणाऱ्या वेगाने पुलाकडे गेलो.

गुरुवार, १ फेब्रुवारी

पाटीवाला म्हणाला, "काय लिहू?"

"किल्ल्या."

"नुसतं किल्ल्या?"

"आणि कुलपं."

"अजून?"

मी म्हटलं, माझ्याकडे अजून काय असणार? तो म्हणाला, पाटी ओकीबोकी दिसतेय, शेजारी एक किल्ली काढतो. त्याने काढली आणि मी जवळ जाऊन बघितलं. सगळे दाते एकाच उंचीचे! असली किल्ली जगातल्या एकाही कुलपाला लागायची नाही. तसं सांगितलं तर म्हणतो, "काका, पाटी आहे ही. कोण लावून बघणार?"

"मी," मी म्हणालो.

बिचाऱ्याने पुसून परत काढली. मी शेजारी स्टूल घेऊन बसलो आणि एकेक दाता सांगितला, हा खोल, हा उथळ, हा जरा तिरका. त्याने शेवटी ब्रश माझ्या हातात दिला आणि स्वतः चहा प्यायला गेला.

घरी आल्यावर डोक्यात उजेड पडला की हे दुकान दोन महिन्यांत बंद व्हायचंय. पाटी कुणासाठी? लाकूड मात्र जाड आहे. मुलीकडे पाट म्हणून चालेल.

शनिवार, १० फेब्रुवारी

मुलीचा फोन. चिनूचं टेबल हॉलमध्ये हलवलं, तिची खोली मला. मी म्हटलं, पोरीला कशाला त्रास? मुलगी म्हणाली, "त्रास नाही बाबा. त्रास आत्ता होतोय. मध्येच जाग येते आणि वाटतं तुम्ही दाराबाहेर उभे आहात. मग झोप लागत नाही."

बस स्टँडवाल्याने प्लास्टिकच्या तुकड्याने माझं दार उघडलं आणि तिची झोप उघड्यावर पडली. "येतो ग, नक्की येतो," म्हणालो. ती म्हणाली, "तुमचा आवाज असा का येतोय?" मी म्हटलं सर्दी झालीय. आता दोन दिवस सर्दी असल्यासारखं बोलावं लागणार.

मंगळवार, १३ फेब्रुवारी

मास्तरांनी सांगितलं की आठवडाभर ते एकदाही ओरडले नाहीत. शिकणाऱ्या बाईंनी गाडी दूधकेंद्राच्या फळीवर नेली तेव्हाही कुजबुजत म्हणाले, "ब्रेक." आता घशाला त्रास होतोय. सिस्टर कमरेपर्यंत पाण्यात उतरल्या. बाईंनी काल शटर बंद ठेवलं, पण आत बसून दिवसभर भट्टी घासली. मी पुरुषासारखा पुरुष, नुसता लाजलो. सगळे काही ना काही खरं करताहेत आणि मी बसल्या जागी थापा मारतोय.

"मग, काय केलंत?"

"घरोघरी जाऊन कुलपं उघडून देतो, असं लोकांना कळवायला सुरुवात केलीय."

"लोकांना म्हणजे कुणाला?"

मी खिडकीबाहेर बघितलं. समोर औषधांचं दुकान होतं. "औषधवाल्याला," म्हणालो.

परत येताना औषधवाल्याला सांगितलं. खोटं बोलायला मला भीती वाटत नाही, पकडलं जायची वाटते. त्यामुळे माझं प्रत्येक खोटं मला दोन दिवसांत खरं करावं लागतं. इतकी मेहनत प्रामाणिक माणसाला पडत नसेल.

शुक्रवार, १६ फेब्रुवारी

औषधवाल्याने सकाळीच माणूस धाडला. तिसऱ्या मजल्यावरचे वकील वर्तमानपत्र उचलायला टॉवेलवर बाहेर आले आणि दार लागलं. मी पोचलो तेव्हा ते वर्तमानपत्र पांघरून उभे होते. मला गहिवरून आलं. म्हटलं, "साहेब, घाबरू नका, मीसुद्धा यातून गेलोय." त्यांना ते फारसं आवडलं नाही.

एक नोंद करायला हवी. चहाचा कप धरताना माझा हात थरथरतो. फोन धरताना थरथरतो. वहीत लिहितानाही, हे अक्षरावरून दिसेलच. कुलपात तार घातली आणि थांबला. दार उघडेपर्यंत शांत. काम संपलं, वकिलांनी आत जाऊन अर्ध्या दारातून आभार मानले, आणि जिना उतरताना परत सुरू. नालायक हात आहे. जिथे गरज नाही तिथे शहाणपणा करतो. मुलीकडे कुलपं उघडायची नाहीत, कपच धरायचाय.

शुक्रवार, १ मार्च

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. बैठकीत मी म्हणालो होतो, मोठी जागा बघतोय. आज बाई स्वतः जिन्यापाशी आल्या. "चला."

"कुठे?"

"बघताय ना जागा? मग बघा."

बेकरीला लागून त्यांची लाकडं ठेवायची कोठी आहे. गॅसची भट्टी घेतल्यापासून रिकामी. रस्त्याकडे शटर, वर झरोका, भिंत कायम कोमट. मी म्हणालो, "बाई, गटाचा नियम आहे, मदत करायची नाही."

"मदत कोण करतंय? मी भाडेकरू बघतेय. बंदच्या दिवशी शेजारी कुणी असलं तर मलाही घरी बसता येईल, नाहीतर मी आपली शटरच्या आत."

बघायला काय जातं म्हणून आत गेलो. उजेड डावीकडून येतो. म्हणजे किल्ली घासायचं मशीन उजव्या भिंतीला हवं. कोपऱ्यात खडूचा तुकडा पडला होता. जमिनीवर चौकोन काढून लिहिलं, मशीन. त्याच्या समोर, कोऱ्या किल्ल्या. दाराशी, स्टूल. मग अजून एक, गिऱ्हाइकाचं स्टूल. माझ्याकडे आजवर गिऱ्हाईक कधी बसलेलं नाही.

मुलीकडे जाणाऱ्या माणसाला हे उद्योग कशाला? पण खडू हातात होता.

मंगळवार, १२ मार्च

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. बाईंनी सगळ्यांदेखत विचारलं, "एक तारखेपासून घेताय ना जागा?" मी म्हणालो, "हो." टाळ्या. सिस्टर आज गळ्यापर्यंत पाण्यात गेल्या होत्या. त्यांना दोन टाळ्या जास्त.

मी आता गळ्याच्या वर आहे.

रविवार, २४ मार्च

चिनूची परीक्षा संपली. मुलगी पुढच्या रविवारी, एकतीसला, टेम्पो घेऊन येतेय. म्हणजे एकतीसला मी मुलीकडे जाणार आणि एक तारखेला बेकरीशेजारी दुकान उघडणार. हे एका माणसाला जमण्यासारखं नाही. मी दोन असतो तरी दोघांनीही हो म्हणून तिसरीकडे घोळ घातला असता.

आज दोन पेट्या भरायला घेतल्या. एक मुलीकडची, एक कोठीची. म्हटलं, ऐनवेळी जे ठरेल ती पेटी उचलायची. मुलीच्या पेटीत घोंगडी, औषधं, एक बोथट कानस, बायकोचा फोटो. थोड्या वेळाने फोटो काढून कोठीच्या पेटीत ठेवला, कारण तिथे खिळा मारायला भिंत चांगली आहे. मग तारा, साचे, कोऱ्या किल्ल्या, किल्ली आवळून धरायची छोटी वाईस, मोठी वाईस. संध्याकाळी पाहिलं तर एक पेटी मला हलवेना आणि दुसरी चिनूसुद्धा उचलेल. सामानाची वाटणी मला कधी जमलीच नाही.

शनिवार, ३० मार्च

आज मुलीला फोन करून सांगणार होतो. लावला. "बाबा, मी उद्या लवकर निघतेय, तुम्ही नुसते तयार राहा," ती म्हणाली. "राहतो," म्हणालो.

मग बेकरीत गेलो बाईंना सांगायला. त्या शिडीवर चढून कोठीची जळमटं काढत होत्या. "काय हो?" मी म्हणालो, "काही नाही, शिडी धरायला आलो." धरली.

रविवार, ३१ मार्च

घडलं ते जसंच्या तसं लिहितो. लाजायला नंतर वेळ आहे.

मुलगी सकाळीच आली. टेम्पो जिन्यापाशी लावला, ड्रायव्हर किल्ली गाडीतच ठेवून समोर चहाला गेला. मुलगी मला घेऊन वर घरात आली आणि गाद्या बांधू लागली. चहाला जाण्याआधी ड्रायव्हरने आणि मी दुकानातलं सामान टेम्पोत चढवलं होतं, दोन्ही पेट्या, मशीन, पाटी. तीन महिने संपतच आले म्हणजे मदत न करण्याचा नियमही संपला, असं सिस्टरांनी परस्पर ठरवलेलं, हे मला ठाऊक नव्हतं. मी मुलीबद्दल गटात अवाक्षर काढलेलं नाही हेही तेव्हाच आठवलं, कारण खालून मास्तरांची हाक आली. तीन महिने साठवलेला आवाज होता.

"काका! टेम्पोसुद्धा बोलावलात? शाबास! तुम्ही या सावकाश, मी नेतो!"

मुलगी खिडकीत धावली. "बाबा! टेम्पो चालला!"

"चालला?"

"तो माणूस आपला टेम्पो घेऊन चाललाय! चोर आहे!"

"चोर नाही ग, मास्तर आहेत."

"कसले मास्तर?"

सांगायला बसलो असतो तर तीन महिने लागले असते. ती धावत खाली गेली, मी कठडा धरून तिच्या मागे, चहाचा ग्लास हातात घेऊन ड्रायव्हर आमच्या मागे. बेकरीपाशी पोचलो तोवर टेम्पो रिकामा झाला होता. मास्तर आणि बाईंनी मशीन उजव्या भिंतीला लावलं होतं. सिस्टर पाटी पुसत होत्या.

बाई म्हणाल्या, "या! ही कोण?"

"मी यांची मुलगी. बाबांना घ्यायला आलेय. कायमचं. हे सामान इथे का उतरवलंत?"

मग बाईंचा आवाज आला. पहिल्यांदाच तो पोळला नाही, म्हणून जास्त लागला. "कायमचं? आणि उद्या दुकान उघडणार होतात ते?"

"दुकान?" मुलगी माझ्याकडे वळली. "दुकान बंद करतो म्हणालात ना मला?"

"म्हणजे आम्हाला थापा मारल्या," बाई म्हणाल्या.

"की मला?" मुलगी म्हणाली.

मास्तर कुजबुजले, "काका, ब्रेक."

मी जमिनीकडे बघितलं. मुलगीही बघत होती. मशीनखालचा चौकोन, त्यावरचं अक्षर. ती वाकली. कोऱ्या किल्ल्या, स्टूल, गिऱ्हाइकाचं स्टूल, एकेक वाचत दारापर्यंत गेली.

"बाबा, हे अक्षर तुमचं आहे."

"खडू हातात होता," मी म्हणालो.

सिस्टर पुढे आल्या. "कुणी सल्ला द्यायचा नाही. तुम्हीसुद्धा नाही, बाळ. फक्त विचारा त्यांना."

मुलीचे डोळे भरले होते, पण ती रडली नाही. तिची आईही भरल्या डोळ्यांनी नीट उभी राहायची. "काय हवंय तुम्हाला, बाबा?"

"तू म्हणशील तसं. इथे चालेल, तिकडेही चालेल."

"चालेल नको. जन्मभर तुमचं सगळं चालतंच. एकदा तरी नाही म्हणा कुणाला."

मी हात खिशात घातला. वाटलं, नाही म्हटलं तर छप्पर कोसळेल. मग म्हणालो, "नको."

"काय नको?"

"तुझ्याकडे यायला नको."

छप्पर कोसळलं नाही. मुलगी बाईंना म्हणाली, "गोळ्या सकाळी जेवायच्या आधी असतात. ते नंतर घेतात." आणि ड्रायव्हरला म्हणाली, "चला." रिकामा टेम्पो घेऊन गेली. माझ्या पाया पडली नाही की काही नाही, वळूनही बघितलं नाही. बघितलं असतं तर मी बहुतेक चढून बसलो असतो.

शनिवार, ६ एप्रिल

दुकान उघडलंय. गिऱ्हाईक बसतं आणि बसलं की उठत नाही, हा नवीनच त्रास. बाई गोळीसाठी शटरवर थाप मारतात. वकील येऊन गेले, या वेळी कपड्यांत.

मुलीचा फोन नाही.

मंगळवार, ९ एप्रिल

नवे तीन महिने, नव्या गोष्टी. मास्तरांना हळू ओरडायला शिकायचंय. माझी पाळी आली तेव्हा मी पहिल्यांदाच विचार करून बोललो. "मुलीचा फोन यावा."

सिस्टर म्हणाल्या, "हे चालत नाही. स्वतः करायची गोष्ट सांगा."

"मग तुम्हीच करा फोन," बाई म्हणाल्या. मग जीभ चावून, "मग, काय करणार?"

मी म्हटलं, फोनवर मला जमत नाही. ती विचारेल, येता ना बाबा? आणि मी हो म्हणेन. मला माहीत आहे मी म्हणेन.

बुधवार, १० एप्रिल

बाळ,

हे पान वहीतून फाडून तुला पाठवतोय. सिस्टर वह्या गोळा करत नाहीत हे आता कळलं, त्यामुळे एक पान कमी झालं तरी कुणी विचारणार नाही.

मी तुला नको म्हटलं नाही. तुझ्याकडे यायला नको म्हटलं. त्या दिवशी हे लगेच पुढे बोलायला हवं होतं, पण एका दिवसात दोनदा स्पष्ट बोलायचं बळ माझ्यात नव्हतं. तू गेल्यावर दोन दिवस मी ते वाक्य कोऱ्या किल्ल्यांना ऐकवत होतो.

मला वाटत होतं की मी गटाच्या भीतीने हे सगळं करतोय. पाटी, घरोघरी जाणं, जागा. परवा एका बाईंच्या दाराचं कुलूप बसवताना लक्षात आलं की आता गटाला थाप मारायची उरलेली नाही आणि तरी मी ते काम दुसऱ्यांदा उघडून परत नीट बसवतोय. मग भीती नक्की कशाची होती, ते मला अजून कळलेलं नाही. तुला कळलं तर सांग. तू माझ्यापेक्षा पुष्कळ शिकलीस.

चिनूचं टेबल तिच्या खोलीत परत ठेव. मे महिन्यात तिला घेऊन ये, चार दिवस राहा. गिऱ्हाइकाचं स्टूल तिला देईन. मी तुझ्याकडे येईन तेव्हा पाहुणा म्हणून येईन, परतीचं तिकीट काढूनच, म्हणजे मला माझ्यावर भरवसा ठेवावा लागणार नाही. रोज दुकान बंद करताना बेकरीतून तुला फोन करीन. तू फक्त उचल, आणि जेवलात का, एवढंच विचार. ते एक मी हो म्हणालो तरी खरं असतं.

तुझी झोप कशी आहे ते कळव. रिकामा टेम्पो बघून जावईबापू रागावले असतील, त्यांचा राग गेला का तेही. तुझा गेला नसेल तर रागाचंच लिही, पानभर लिही, मी सगळं वाचीन. रागावलेली कळलीस तरी मला चालेल, नुसती गप्प कळलीस तर मात्र नाही चालणार. बघ, आलं मला नाही म्हणता. पण बाळ, काहीही लिही आणि लवकर लिही. पोस्टमन रोज दुपारी इकडून जातो, आणि मी स्टूल सोडून रस्त्यात येऊन उभा राहतो.

तुझा,
बाबा